तीन साप आणि एक कावीळ

कुत्र्याचा मालक खोटं बोलायला लागला की डॉ. सोमशेखर मगदूमला ते त्याच्या तोंडाकडे न बघताही कळायचं. मालक आधी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतो, मग घसा साफ करतो आणि मग म्हणतो, "तुमच्यापुढं कशाला लपवायचं, डॉक्टर." एवढं म्हणाला की समजावं, आता हा लपवणार. कोल्हापूरच्या राजारामपुरीत सातव्या गल्लीत दवाखाना टाकून सोमशेखरला वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत त्यानं असे शेकडो मालक बघितले आणि प्रत्येकाला तोंडावर झापलं. मगदूम डॉक्टरकडं जायचं तर कुत्र्याला इंजेक्शन आणि मालकाला शिव्या, दोन्हीची तयारी ठेवून जावं, असं लोक म्हणायचे. त्याला ते ऐकून बरं वाटायचं.

२००६ सालच्या दसऱ्यानंतर या स्वभावाला एक मोठं कारण मिळालं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून अनुजा नावाची तरुण बाई बर्फाची पेटी घेऊन त्याच्या दवाखान्यात आली. तिला कारवानी कुत्र्यांचं रक्त हवं होतं. कारवानी म्हणजे ती लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली, शर्यतीत पळणारी कुत्री. गडहिंग्लजपासून पलीकडं कर्नाटकापर्यंत गावोगाव लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. पोरीचं स्थळ बघताना बघणार नाहीत इतकं ही माणसं कुत्रीचं स्थळ बघतात. बाहेरचा कुत्रा वंशात शिरू देत नाहीत.

"तेच आमच्या कामाचं आहे," अनुजा म्हणाली. "बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो, त्यातला काही घराण्यातून येतो. रक्तातून, आईबापांकडून. ज्या जनुकांमुळे येतो ती कुत्र्यांतही आहेत. पण माणसाच्या चार पिढ्या बघायच्या तर शंभर वर्षं थांबावं लागेल. कुत्रीच्या चार पिढ्या पंधरा वर्षांत होतात. तुमच्याकडं वंश असा बंद ठेवलाय की आजार कुठून आला याचा माग काढता येईल. फक्त मालकांनी खरं सांगायला हवं."

"ते माझ्यावर सोडा," सोमशेखर म्हणाला.

तिनं त्याला वंशावळ काढायला शिकवलं. कुत्र्याला चौकोन, कुत्रीला गोल. मेली असेल तर गोलावर तिरकी रेघ. आचळाला गाठी झाल्या असतील तर तो गोल पेननं काळा भरायचा. काळे गोल एकाखाली एक यायला लागले की समजायचं, इथं काहीतरी आहे. सोमशेखरला या कामाचा नाद लागला. रविवारी स्कूटरला पेटी बांधून तो गावं फिरायचा, रक्त काढायचा, वही उघडून मालकासमोर बसायचा आणि ठरलेला प्रश्न विचारायचा. आजार कुणाकुणाला होता? आईला? आजीला? मावशीला? मालक घुटमळला की झापायचा. "गाठ लपवायची नाही. तुम्ही लपवता आणि पुढची मरते," हे त्याचं वाक्य चार तालुक्यांत ठरून गेलं.

एका स्थानिक पेपरानं त्याचा फोटो छापला. गळ्यात स्टेथोस्कोप, मांडीवर कुत्र्याचं तोंड. त्याची धाकटी बहीण महादेवी मंगळवार पेठेत राहायची. तिच्या नवऱ्याचं, मल्लेशचं, तिथं भांड्यांचं दुकान होतं. तिनं तो फोटो कापून दुकानाच्या काउंटरच्या काचेखाली ठेवला. पातेलं बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी तिच्या भावाला बघायचं.

"अण्णा, कुत्र्याच्या रोगावरनं माणसाचा रोग कळतोय व्हय?" तिनं एकदा चहा देताना विचारलं.

"कळतो की. एकाच घरात ऱ्हातात, आपलंच अन्न खात्यात. रक्तातलंबी बरंच सारखं."

"मग चांगलं काम करायलास. पुण्य लागंल तुला."

सोमशेखरनं चहा एका दमात घशात ओतला. जीभ भाजली. काहीतरी काम आठवल्यासारखं करून तो उठला आणि दुकानातून बाहेर पडताना त्यानं काचेकडं बघायचं टाळलं.

माघातल्या यात्रेत गडहिंग्लजकडच्या त्याच्या मूळ गावी कुत्र्यांच्या शर्यती होत्या. तिथं भरमाप्पा भेटणार हे त्याला माहीत होतं. भरमाप्पा त्याच गावचा, साठीचा माणूस, डोक्याला पटका, हातात दोन दोऱ्या, दोन्ही दोऱ्यांना कुत्री. त्याच्याकडचा 'चंद्रीचा वंश' पार बेळगावपर्यंत नावाजलेला. चंद्रीच्या पोटचं पिल्लू मिळावं म्हणून माणसं वर्ष वर्ष थांबायची. सोमशेखरनं मैदानाच्या कडेला, चार माणसांत, वही उघडली.

"भरमाप्पा, चंद्री कशानं गेली?"

भरमाप्पानं जवळच्या कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. घसा साफ केला. "तुमच्यापुढं कशाला लपवायचं, डॉक्टर. साप चावला."

"आणि तिची लेक रंभा?"

"तीबी सापानंच."

"रंभेची लेक बिजली?"

भरमाप्पा जमिनीकडं बघायला लागला. "रान लई वंगाळ हाय. इख फिरतंय नुसतं."

दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता, म्हाताऱ्याला बाजूला घेऊन विचारलं असतं. सोमशेखरला चेव चढला. तो उभा राहिला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐकलासा काय मंडळी? भरमाप्पाच्या रानात सापांचं अधिवेशन भरतंय. आणि सापबी कसला, बैलाला चावत न्हाय, गड्याला चावत न्हाय, नेमका कुत्रीच्या आचळालाच चावतोय. तीन पिढ्या."

लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. हसणं ऐकून सोमशेखर आणखी पेटला, अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आला. "गाठी झालत्या न्हवं? तिघींनाबी? आणि तू साप सांगून घरोघर पिल्लं दिलास. ज्यानं नेली त्याला ठावं असतं तर त्यानं कुत्री वेळेत दाखवली असती. तुझ्या नावापायी मेली ती कुत्री, भरमाप्पा."

 भरमाप्पानं दोऱ्या मनगटाला गुंडाळल्या आणि शर्यतीत न पळवताच कुत्री घेऊन निघाला. बायकांच्या घोळक्यात त्याची बायको शालूबाई उभी होती. तिनं पदर डोक्यावर ओढला, सोमशेखरकडं एकदा नीट बघितलं आणि नवऱ्यामागं गेली. सोमशेखरला त्या दिवशी आपण मोठं काम केलं असं वाटत होतं. परतताना स्कूटरवर तो शीळ घालत होता.

चार दिवसांनी दुपारी, दवाखान्यात कुणी नसताना, भरमाप्पा आणि शालूबाई आले. कुत्री नव्हती बरोबर. भरमाप्पा बाकावर बसला आणि म्हणाला, "घ्या वही. लिवा."

सोमशेखरनं वही घेतली. शालूबाई आठवून आठवून सांगत गेली. चंद्रीची आई मैना, तिला पहिली गाठ. मग चंद्री. चंद्रीच्या दोन लेकी. रंभेच्या पोटच्या तिघी, त्यातली एक बिजली. कुठली कधी व्याली, कुठल्या आचळाला गाठ आली, किती दिवस चिघळली, सगळं तिच्या ध्यानात होतं. सात गोल काळे झाले. अनुजा बघून नाचेल असा कागद होता तो.

"बरं केलासा," सोमशेखर म्हणाला. यात्रेतल्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणावं असं त्याला वाटलं, पण शब्द जुळेना. तेवढ्यात भरमाप्पाच बोलला.

"यात्रेत मलाबी बोलाय येत हुतं, डॉक्टर. बोललो न्हाय. चार माणसांत तुमच्या आईचं नाव काढणं बरं न्हवं."

सोमशेखरचं पेन थांबलं.

"तुमच्या अव्वाला शेवटची आंघोळ हिनं घातलीया. कावीळ कुठं झालती ते हिनं बघितलंय."

शालूबाई खाली बघून म्हणाली, "बावीस वरसं कुणाला बोलले न्हाय मी. ह्यांनाबी यात्रेतनं आल्यावर सांगितलं. ह्यांचं तोंड बघवंना म्हणून." मग जरा थांबून तिनं विचारलं, "महादेवीला ठावं हाय?"

"न्हाय."

"तिलाबी लेक हाय न्हवं?"

"हाय."

भरमाप्पा उठला. "माझं मी सांगितलं. आता माझी पिल्लं कोण न्हेईना तर नगं न्हेऊ दे. तुमचं तुम्ही बघा." दारातून बाहेर पडताना त्यानं वाकून चपला घातल्या आणि दोघं बसस्टॉपकडं चालू लागले. सोमशेखर खुर्चीतून उठलासुद्धा नाही. ज्या माणसाला त्यानं गावासमोर नागवं केलं होतं, त्या माणसानं त्याची अब्रू झाकून ठेवली होती, आणि आता एकांतात तेवढं त्याच्या हातात ठेवून गेला होता. त्याला भयंकर लाज वाटली. कानाची पाळी तापली. इतकी की नळाखाली तोंड धरून तो कितीतरी वेळ उभा राहिला.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. सोमशेखर नुकताच गुरांचा डॉक्टर होऊन गावी आला होता. अव्वा चव्वेचाळीस वर्षांची. तिनं वर्षभर पदराखाली काय झाकलं होतं ते त्याला वासावरून कळलं. गाईच्या सडलेल्या आचळाचा वास त्याला माहीत होता. तो तिला मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी जखम बघितली आणि त्याला बाहेर बोलावून सांगितलं की फार उशीर झालाय. परत येताना एस.टी.त अव्वा म्हणाली, तिच्या आईलाही असंच होतं, छातीतच, चाळिशीच्या आत गेली. आणि मग म्हणाली, "महादेवीचं लग्न व्हईस्तोवर तोंडातनं काढू नको. असल्या घरातली पोरगी कोण करणार न्हाय." तिनं गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर धरलं आणि त्याचा हात त्यावर ठेवून घेतला.

महादेवी तेव्हा अठराची. तिला कॉलेजच्या नावाखाली निपाणीला मामाकडं पाठवलं. वडिलांनी, आप्पांनी, गावात कावीळ सांगितली. औषधाच्या मुळ्या आणल्या, अंगणात सगळ्यांना दिसतील अशा वाळत घातल्या. महादेवीला आणलं ते थेट मातीच्या दिवशी. अव्वाला लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवून, विभूती लावून, फुलांनी गळ्यापर्यंत झाकलं होतं. पुढच्या वर्षी महादेवीचं लग्न झालं. लिंगावरची शपथ तिथं संपली होती. सोमशेखरनं ठरवलं, नवी नवरी आहे, पहिलं वर्ष जाऊ दे. मग ती पोटुशी राहिली. मग रक्षिता झाली. मग तिच्या सासूला अर्धांगवायू झाला, मग दुकान वाढवलं. पुढं आप्पा गेले आणि हे माहीत असलेला घरात तो एकटा उरला. बायकोलाही त्यानं सांगितलं नाही. वर्षं गेली तसं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता आजाराबरोबर लपवल्याचंही सांगावं लागणार होतं. त्यात त्याला लोक शब्दाचा पक्का म्हणायचे.

भरमाप्पा येऊन गेल्यावर दोन दिवसांनी त्यानं दवाखान्यात एका कोऱ्या कागदावर आपली वंशावळ काढली. आजीचा गोल, तिरकी रेघ, काळा भरला. अव्वाचा गोल, तिरकी रेघ, काळा भरला. त्याखाली स्वतःचा चौकोन आणि महादेवीचा गोल. महादेवीच्या खाली रक्षिताचा गोल. ते दोन गोल कोरे होते. दुसऱ्या कुणाच्या कुत्रीचा असा कागद असता तर त्यानं मालकाची गचांडी धरली असती. त्यानं कागदाचे बारीक तुकडे केले आणि रक्त लागलेल्या कापसाच्या बादलीत टाकले.

तरी दुसऱ्या दिवशी तो मंगळवार पेठेत गेला. आज सांगायचंच असं ठरवून गेला. दारातच महादेवीनं त्याच्या हातात पेढा ठेवला. रक्षिताला निपाणीचं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली, पसंती कळली होती. "अण्णा, तुझ्या फोटोचा गुण बग," ती हसत म्हणाली. "त्यांनी पेपरात वाचलंय तुझं." सोमशेखरनं पेढा खाल्ला. लग्न झाल्यावर सांगू, असं त्यानं मनात म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्याला अव्वाचा आवाज ऐकू आला. तरीही तो न सांगताच घरी गेला.

मार्चमध्ये साखरपुडा झाला. पंगतीनंतर आतल्या खोलीत विहीणबाई, म्हणजे रक्षिताची होणारी सासू, पानाला चुना लावता लावता सहज म्हणाल्या, "तुमच्यात दमा, साखर, आणिक काय न्हाय न्हवं? राग मानू नका, आजकाल इचारावं लागतंय."

"काय न्हाय बगा," महादेवी म्हणाली. "आमची अव्वा लवकर गेली, पर ती काविळीनं. इचारा की अण्णाला, डॉक्टर हाय त्यो."

दोघींनी सोमशेखरकडं बघितलं. तो दारात सुपारी कातरत उभा होता. "व्हय," तो म्हणाला. "कावीळच."

बावीस वर्षं तो गप्प होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या तोंडानं खोटं सांगितलं. तेवढ्यात महादेवीनं वरच्या फळीवरचा डबा काढायला डावा हात उचलला आणि अर्ध्यावरच थांबवून उजव्यानं डबा काढला. सोमशेखरनं ते बघितलं. ज्याची बोटं अंधारातही कुत्रीच्या पोटावरची गाठ शोधून काढायची, त्या माणसानं ते बघितलं आणि काही विचारलं नाही. पंगतीत वाढून वाढून हात भरून आला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

एप्रिलच्या सुरुवातीला दवाखान्यात रक्षिताचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज दबलेला होता. "मामा, आईच्या छातीला गाठ हाय. साडी नेसवताना माझ्या हाताला लागली. मोठी हाय. कुणाला बोलू नको म्हणती. लग्न झाल्यावर बघू म्हणती."

त्याच तासाला तो स्कूटर काढून गेला आणि महादेवीला ओढून तपासणीला नेलं. झापायला मात्र त्याला एक शब्द सुचला नाही. सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टच्या दिवशी विहीणबाई बस्त्याच्या खरेदीला कोल्हापुरात आल्या होत्या. महादेवीचं रक्त कमी झालंय, डॉक्टरकडं जायचंय, असं त्यांना सांगितलं, तर त्या मायेनं बरोबरच आल्या. शहाळं घेऊन त्या रक्षिताजवळ बाहेरच्या बाकावर बसल्या आणि महादेवी, सोमशेखर आत गेले.

आतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सांगण्यात आडपडदा नव्हता. "कॅन्सर आहे. काखेतल्या गाठींपर्यंत आलाय. ऑपरेशन करायचं, मग औषधं. उपाय आहेत, धीर सोडू नका. अजून थोडं आधी आला असतात तर सोपं गेलं असतं." मग त्यांनी एक फॉर्म पुढं ओढला. "घरात अजून कुणाला होता? आईला? आजीला? मावशीला?"

तोच प्रश्न. त्याच क्रमानं. सोमशेखरनं तो चार तालुक्यांत विचारला होता.

"न्हाय," महादेवी म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता, पण उत्तर तिनं ठाम दिलं. "आमच्यात असलं कुणालाच न्हाय. आमची अव्वा काविळीनं गेली."

डॉक्टरीणबाईंनी 'नाही'च्या चौकटीवर पेन टेकवलं. सोमशेखर महादेवीच्या खुर्चीमागं उभा होता. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. घसा साफ केला. आणि आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच कळलं. त्यानं हात काढून घेतला.

"तिथं खूण करू नका," तो म्हणाला. "आईला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. आजीलाही होता असं आई सांगायची."

"नक्की माहीत आहे तुम्हाला?"

"जखम मी बघितली. मिरजेला मीच नेलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. महादेवीनं मागं वळून बघितलं नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "कवा?"

"चौऱ्याऐंशीत. तू निपाणीला हुतीस तवा."

"मला निपाणीला त्याच्यासाठीच धाडलंत?"

"व्हय. अव्वानं लिंगावर हात ठेवून घेतला माझा. तुझं लग्न व्हईस्तोवर बोलायचं न्हाय म्हणून."

"माझं लग्न हून बावीस वरसं झाली, अण्णा."

 महादेवी रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. ती हळू आवाजात, हिशेब लागत नसल्यासारखी बोलत राहिली. "दिवाळीला उटणं लावताना हाताला लागली. वाटाण्याएवढी हुती. मला वाटलं, उष्णतेची गाठ. रोज सकाळी सब्जा भिजवून पीत हुतो. पाच महिने सब्जा प्यालो मी. अव्वाचं ठावं असतं तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो की. तुझ्याकडंच आलो असतो." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या फोटोची काच रोज पुसतो मी."

सोमशेखरला वाटलं, जमिनीत जागा असती तर बरं झालं असतं. त्याला भरमाप्पा आठवला, मनगटाला दोऱ्या गुंडाळून खाली मान घालून चाललेला. त्या दिवशी लोक हसले होते. इथं हसायलाही कुणी नव्हतं.

"यांना मुलगी आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "तिलाही हे माहीत असायला हवं. आजच घाबरायचं कारण नाही, पण तिनं आतापासून दरवर्षी तपासून घ्यायला हवं."

"बाहीर बसलीया," महादेवी म्हणाली. आता ती वळली आणि तिनं सोमशेखरकडं बघितलं. "बोलाव तिला. विहीणबाईंनाबी बोलाव."

"महादेवी, लग्नाला अठरा दिवस ऱ्हायल्यात. त्यांना आत्ता कशाला..."

"मोडलं तर मोडू दे." तिनं पदर सारखा केला. "आणि मी न्हाय सांगणार. तू सांगायचं. कुत्र्याच्या मालकांना सांगतोस तसं. पैल्यापासनं."

सोमशेखरनं दार उघडलं. बाकावर रक्षिता शहाळं हातात धरून बसली होती, प्यायली नव्हती. विहीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. दोघी उठून आत आल्या. खोली लहान होती. रक्षिता आईच्या खुर्चीला टेकून उभी राहिली, विहीणबाई दाराशी. महादेवी मांडीवर हात ठेवून बसली होती आणि त्याच्याकडंच बघत होती. त्याला बसायला जागा नव्हती.

"रक्षिता," तो म्हणाला, "तुझ्या आजीचं एक सांगायचं हाय."

"कावीळ झालती की आजीला," रक्षिता म्हणाली. "ठावं हाय मला, मामा. लहानपणापासनं ऐकतोय."

तिनं ते इतक्या सरळपणे म्हटलं की सोमशेखरला क्षणभर तिच्याकडं बघवेना. मग त्यानं बघितलं.

"कावीळ नव्हती," तो म्हणाला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.